पुरुष नसबंदी : शस्त्रक्रियेआधी एवढे जाणून घ्या

'त्यांच्याकडे ऑपरेशन झाले' असे आपल्याकडे कोणी म्हटले, की ते बाईचेच झाले असणार, असे ऐकणारा गृहीत धरतो. त्यात त्याचे फारसे चुकत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी शेकडा सुमारे ३८ जणींची नसबंदी झालेली आढळली. ज्यांच्या पतीने नसबंदी करून घेतली आहे अशा स्त्रिया मात्र हजारात तीन!

वास्तविक दोन्ही शस्त्रक्रियांमध्ये पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी आहे. स्त्रीच्या गर्भनलिका पोटाच्या आत असतात. छेद लहान असो वा दुर्बिणीची शस्त्रक्रिया असो, पोटाच्या आत जावेच लागते. पुरुषाच्या बाबतीत ज्या नळ्या बंद करायच्या त्या वृषणकोशाच्या कातडीखाली हाताला लागतात. तरीही दोन सिझेरियन झालेली, अंगात रक्त कमी असलेली सून टेबलावर जाते आणि धडधाकट मुलगा बाहेर बाकावर बसून राहतो. 'कर्त्या माणसाला सुरी नको' असे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असते.

गेल्या तीस वर्षांत या विषयावर माझ्याशी बोलायला आलेले पुरुष बहुधा दवाखाना रिकामा झाल्यावर, कंपाउंडरकडे एक नजर टाकून, दार लोटून घेऊन बोलतात. त्यांचे प्रश्न जवळजवळ ठरलेले असतात. त्यांची उत्तरे आज एकत्र देत आहे. कोणी नसबंदी करावीच असा आग्रह धरण्याचा हेतू नाही. ज्यांच्या मनात विचार आहे त्यांनी पुरती माहिती घेऊन निर्णय करावा, एवढीच इच्छा आहे.

भीती आली कोठून?

आपल्या देशात सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला. १९६० च्या दशकात आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी पुरुषांच्याच शस्त्रक्रिया अधिक होत असत. १९७१ साली केरळमध्ये एर्नाकुलम येथे भरलेल्या एका शिबिरात महिन्याभरात साठ हजारांवर पुरुषांनी नसबंदी करून घेतली होती.

नंतर आणीबाणी आली. १९७६-७७ या एकाच वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पुरुषांच्या होत्या. अनेक ठिकाणी सक्ती झाली, सरकारी नोकरांना माणसे आणण्याचे आकडे ठरवून दिले गेले. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले होते. ते प्रत्यक्षात कधीच अमलात आले नाही. मी त्या वेळी पहिली-दुसरीत होतो, पण 'गाडी आली' म्हणताच रानात पळालेल्या माणसांच्या गोष्टी मी घरी ऐकल्या आहेत. त्यानंतर पुरुषांनी या शस्त्रक्रियेकडे जी पाठ फिरवली ती आजतागायत. सक्तीबद्दलचा राग रास्तच होता, पण तो हळूहळू शस्त्रक्रियेला चिकटला. आज कोणीही कोणाला सक्ती करू शकत नाही. तुमच्या लेखी संमतीवाचून शस्त्रक्रिया करता येत नाही, आणि टेबलावर गेल्यानंतरसुद्धा 'नको' म्हणण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

नेमके काय करतात?

शुक्रजंतू वृषणात तयार होतात. तेथून ते दोन्ही बाजूंच्या एकेका बारीक नळीतून वर जातात. या नळीला शुक्रवाहिनी म्हणतात. बोटांच्या चिमटीत धरली तर ती जाड सुतळीसारखी लागते. नसबंदीत या दोन्ही शुक्रवाहिन्यांचा थोडा भाग कापून टोके बांधतात. बस्स, एवढेच. वृषण काढत नाहीत, लिंगाला हात लावत नाहीत.

पूर्वी सुरीने कातडीवर छेद घेऊन नंतर टाके घालत. १९७४ साली चीनमधील सिचुआन प्रांतातील डॉ. ली शुनचियांग यांनी बिनटाक्याची पद्धत शोधून काढली. तीत टोकदार चिमट्याने कातडीला एक बारीक भोक पाडतात, त्यातूनच दोन्ही नळ्या एकामागून एक बाहेर काढून बंद करतात. भोक इतके लहान असते की टाक्याची गरज पडत नाही. १९९० च्या दशकात ही पद्धत आपल्याकडे आली आणि आता सरकारी रुग्णालयांतही वापरतात. बायकांच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेलाही लोक 'बिनटाका'च म्हणतात. तेव्हा चौकशी करताना 'पुरुषांची' असे स्पष्ट सांगावे.

भूल फक्त त्या जागेपुरती देतात. सुई टोचताना चुणचुणते, नंतर ओढल्यासारखे वाटते. दहा ते वीस मिनिटांत काम आटोपते आणि थोडा वेळ विश्रांती घेऊन माणूस त्याच दिवशी घरी जातो.

ताकद जाते का?

हा पहिला प्रश्न, आणि बहुतेकांच्या मनातला खरा प्रश्न. उत्तर : नाही.

दाढीमिशा, आवाज, स्नायूंची ताकद, कामेच्छा हे सारे ज्या संप्रेरकावर अवलंबून आहे ते वृषणात तयार होऊन थेट रक्तात मिसळते. त्याचा शुक्रवाहिनीशी संबंध नाही. पाटाचे पाणी अडवले म्हणून विहीर आटत नाही, तसेच हे. नांगर धरणारा नांगर धरील, पोती उचलणारा हमाल पोती उचलील, पैलवान आखाड्यात उतरेल. फक्त जखम भरेपर्यंत थांबावे लागेल.

वीर्यपतनही पूर्वीसारखेच होते. वीर्याचा बहुतेक भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींमधून येतो. शुक्रजंतूंचा वाटा शेकडा दोन ते पाच इतकाच. तो कमी झाला तरी नजरेला फरक कळत नाही. वृषणात शुक्रजंतू तयार होतच राहतात, पण बाहेर जायला वाट नसल्याने ते शरीरातच विरघळून जातात. ते डोक्यात जातात, हा गैरसमज आहे.

काही जण संबंधाच्या वेळी ताठरता कमी झाल्याची तक्रार घेऊन येतात. तपासले तर बहुधा भीती, मधुमेह, दारू किंवा रक्तदाबाचे एखादे औषध यांपैकी काहीतरी सापडते. ही तक्रार आधीपासून असेल तर ती शस्त्रक्रियेपूर्वीच सांगावी, म्हणजे पुढे उगाच शस्त्रक्रियेवर खापर फुटत नाही.

'कर्करोग होतो म्हणे' असेही विचारतात. १९९३ साली अमेरिकेतील एका अभ्यासात प्रोस्टेटच्या कर्करोगाशी संबंध असावा अशी शंका आली होती. त्यानंतरच्या मोठ्या अभ्यासांत असा संबंध एक तर आढळला नाही किंवा आढळला तो अगदी नगण्य. त्या भीतीने शस्त्रक्रिया टाळण्याचे कारण नाही. हृदयविकारही यामुळे होत नाही.

कोणी थांबावे?

नसबंदी ही कायमची आहे असे समजूनच करावी. 'पुढे वाटले तर पुन्हा जोडून घेऊ' हा विचार मनात असेल तर शस्त्रक्रिया करूच नये. नळ्या पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया होते, पण ती नाजूक, वेळखाऊ आणि खाजगीत खर्चिक असते. तज्ज्ञही मोजकेच. जितकी वर्षे उलटतात तितकी यशाची शक्यता घटते, आणि नळी जोडली गेली तरी मूल होईलच याची हमी कोणी देऊ शकत नाही.

म्हणून काही जणांना मी स्वतःच 'थोडे थांबा' असे सांगतो. धाकटे मूल अजून अगदी तान्हे किंवा आजारी असेल, नवरा-बायकोत बेबनाव असेल, नोकरी गेल्याच्या किंवा कर्जाच्या ताणात निर्णय घेतला जात असेल, अथवा दोघांपैकी एकालाच अपत्य नको असेल, तर घाई करू नये. तोवर निरोध आहे, पत्नीसाठी तांबी आहे. तांबीचा एक प्रकार दहा वर्षे चालतो आणि हवी तेव्हा काढता येते. अनुदानाच्या रकमेसाठी तर कोणीही हा निर्णय घेऊ नये. ती रक्कम बुडालेल्या मजुरीची भरपाई म्हणून असते, बक्षीस म्हणून नव्हे.

सरकारी नियमांप्रमाणे पुरुष विवाहित आणि साठ वर्षांच्या आतील असावा, एक वर्षाहून मोठे किमान एक मूल असावे, आणि पती-पत्नींपैकी कोणाचीही आधी नसबंदी झालेली नसावी. पत्नीची सही कायद्याने लागत नाही. पण सही लागत नाही म्हणून तिला न सांगता जाणे योग्य नव्हे. दोघांनी बसून बोलावे. मुलगाच हवा म्हणून पाळणा लांबवणाऱ्या घरांत हे बोलणे अवघड असते हे मला ठाऊक आहे, पण तेथे ते अधिकच गरजेचे आहे.

डॉक्टरांना काय सांगावे?

शस्त्रक्रिया लहान असली तरी ती शस्त्रक्रियाच आहे. पुढील गोष्टी न लाजता आधी सांगाव्यात :

अंडवृद्धी, हर्निया, हत्तीरोगाची सूज किंवा त्या भागावर पूर्वी झालेली शस्त्रक्रिया. यांमुळे नळी सापडणे अवघड जाते. काही वेळा आधी तो आजार बरा करावा लागतो.

एका बाजूची गोळी जागेवर नसणे.

जांघेत किंवा वृषणकोशावर गजकर्ण, खरूज, पुळ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात हे फारच आढळते. आधी ते बरे करून घ्यावे.

मधुमेह. साखर आटोक्यात नसेल तर जखम चिघळते.

हृदयविकारासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी अन्य गोळी चालू असणे, किंवा दात काढल्यावर रक्त लवकर न थांबल्याचा अनुभव. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. ज्यांनी दिली त्यांना विचारावे.

भुलेच्या इंजेक्शनाची किंवा एखाद्या औषधाची ॲलर्जी.

जाताना अंघोळ करून, तो भाग साबणाने स्वच्छ धुऊन जावे. केस कापण्याबद्दल रुग्णालय सांगेल तसे करावे. घाईने वस्तऱ्याने रक्त काढून घेऊ नये. उपाशीपोटी जाण्याची बहुधा गरज नसते, हलके खाऊन जावे. बरोबर कोणीतरी असावे, परतताना स्वतः मोटारसायकल चालवू नये.

नंतरचा आठवडा

पहिले दोन दिवस घरी आराम. घट्ट लंगोट किंवा आखूड चड्डी वापरावी, म्हणजे त्या भागाला आधार मिळतो आणि सूज कमी येते. फडक्यात बर्फ गुंडाळून अधूनमधून शेकावे. दोन दिवस जखम ओली होऊ देऊ नये. बसून काम करणाऱ्याला दोन-तीन दिवसांत कामावर जाता येते. शेतकरी, गवंडी, हमाल यांनी आठवडाभर ओझे उचलू नये, सायकलही मारू नये. ऐन पेरणीत किंवा ऊसतोडीच्या हंगामात शस्त्रक्रिया ठरवून मग दुसऱ्याच दिवशी शेतात उतरणारे पाहिले आहेत. त्यांनाच पुढे सूज येते, आणि गावभर बोभाटा होतो की ऑपरेशन बाधले. चार दिवस मोकळे मिळतील अशीच तारीख घ्यावी.

थोडी सूज, निळसरपणा, बोजडपणा हे आठवडाभर राहू शकते. पण ताप आला, पू येऊ लागला, रक्त थांबेना किंवा वृषणकोश फुगून लिंबाचा नारळ होऊ लागला, तर घरगुती लेप न लावता तडक रुग्णालय गाठावे. शंभरात एक-दोघांना रक्त साठणे किंवा जंतुसंसर्ग असा त्रास होतो. वेळेवर उपचार केल्यास तो बरा होतो. आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. शंभरात एखाद-दुसऱ्या पुरुषाला त्या जागी दुखणे महिनोन् महिने राहते. बहुतेकांना ते औषधाने सुसह्य होते, पण असे होऊ शकते हे आधीच माहीत असावे.

सर्वांत महत्त्वाचे : तीन महिने

आता ज्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला ती गोष्ट. स्त्रीच्या नसबंदीत आणि पुरुषाच्या नसबंदीत एक मोठा फरक आहे. पुरुषाची नसबंदी झाली त्या दिवसापासून लागू होत नाही. बंद केलेल्या जागेच्या पुढच्या भागात आधीचे शुक्रजंतू शिल्लक असतात. नळाची तोटी बंद केली तरी पुढच्या पाइपातले पाणी गळत राहते ना, तसे. ते संपायला सुमारे तीन महिने लागतात. तोवर निरोध किंवा पत्नीसाठी दुसरे साधन वापरलेच पाहिजे. दोन-तीन दिवसांनी, दुखत नसेल तर, संबंध ठेवायला हरकत नाही; पण साधन वापरून.

तीन महिन्यांनी वीर्याची तपासणी करायची. त्यात एकही शुक्रजंतू नाही असा अहवाल आला, की मगच नसबंदी यशस्वी झाली म्हणायचे. सरकारी रुग्णालयात प्रमाणपत्रही त्यानंतरच देतात. शुक्रजंतू दिसले तर दर महिन्याला पुन्हा तपासतात आणि सहा महिन्यांनंतरही दिसत राहिले तर शस्त्रक्रिया फसली असे समजून पुन्हा करतात.

ही तपासणी बहुतेक जण टाळतात, कारण लाज वाटते. गावातल्या लॅबमध्ये ओळखीचा मुलगा बसलेला असतो. तर ज्यांना संकोच वाटतो त्यांनी लॅबमधून स्वच्छ, रुंद तोंडाची बाटली आणावी, दोन ते सात दिवस संयम ठेवून घरीच हस्तमैथुनाने नमुना घ्यावा आणि बाटली सदऱ्याच्या आत, अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात पोचवावी. निरोधमधून नमुना नेऊ नये. त्यावरील औषधामुळे तपासणी बिघडते. तालुक्याच्या गावी कोणी ओळखीचे नसेल तर तेथे जावे, पण जावे.

टाळल्याने काय होते ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एक बाई भावाबरोबर माझ्याकडे आली. दोन मुले, नवरा टेम्पोचालक. त्याने नसबंदी करून घेतली होती आणि आता काम झाले असे समजून साधन वापरणे सोडले होते. पुढे तिची पाळी चुकली. सासूने व नवऱ्याने सरळ तिच्या चारित्र्यावर बोट ठेवले आणि तिला माहेरी धाडले. मी नवऱ्याला बोलावून वीर्य तपासायला लावले. तो यायला तयार नव्हता, भावाने आणि गावातल्या दोघांनी समजूत घातली तेव्हा आला. अहवालात शुक्रजंतू होते! महिन्यातले वीस-वीस दिवस तो गाडीवर असे, त्यामुळे नळीतील साठा संपायला वेळ लागत होता. त्याला अहवाल वाचून दाखवला, तो एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेला. पण दीड महिना ती बाई माहेरच्या माणसांसमोर मान खाली घालून बसली होती, आणि तिचा दोष काडीचाही नव्हता.

हे उदाहरण एकच दिले, पण अशा घरांची हकीकत आमच्या व्यवसायातील पुष्कळांना ठाऊक आहे. तेव्हा शस्त्रक्रियेआधीच पती-पत्नी दोघांनी, आणि शक्य असेल तर घरातील वडीलधाऱ्यांनीही, तीन महिन्यांची गोष्ट नीट समजून घ्यावी. डॉक्टर सांगताना पत्नीला बरोबर बसवावे.

याशिवाय अहवाल चांगला आल्यानंतरही साधारण दोन हजार पुरुषांमागे एखाद्याच्या बाबतीत नळीची टोके पुढे आपोआप जुळून येतात. ही शक्यता फार कमी आहे, पण आहे. म्हणून नसबंदीनंतर केव्हाही पत्नीला दिवस गेले तर पहिले काम म्हणजे पतीच्या वीर्याची तपासणी. ती होईपर्यंत पत्नीबद्दल एक अक्षर काढू नये. सरकारी वा मान्यताप्राप्त रुग्णालयात केलेली शस्त्रक्रिया फसल्यास नुकसानभरपाईची सरकारी योजना आहे. त्यासाठी संमतिपत्राची प्रत, केसपेपर व तपासणीचा अहवाल जपून ठेवावा आणि उशीर न करता त्याच रुग्णालयात कळवावे.

जाता जाता आणखी एक. नसबंदीने गर्भधारणा टळते, गुप्तरोग किंवा एड्स टळत नाहीत. त्यांपासून बचाव निरोधनेच होतो.

कोठे जावे?

जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि अनेक ग्रामीण रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर किंवा गावातील आशाताई दिवस व ठिकाण सांगतील. दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर या काळात पुरुष नसबंदी पंधरवडा असतो. त्या वेळी माहिती अधिक सहज मिळते. या शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर कोण, हे विचारण्यात संकोच नसावा.

रुग्णालयातून घरी आलात की भिंतीवरील कॅलेंडर काढून तीन महिने पुढची तारीख मोजावी आणि तिच्याभोवती गोल करून ठेवावा. निरोधची पाकिटे तेथवर पुरतील इतकी आणून ठेवावीत. तपासणीचा अहवाल हातात आला की तो पत्नीला दाखवावा, आणि मग रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवावा.